दत्तकपत्रातलं विकारी वर्ष

"सर, तुमच्या भाषांतरानं आपली केस बुडाली," वकीलबाई फोनवर म्हणाल्या.

मी तंजावूरला कोर्टासाठी मोडी कागदांची भाषांतरं करतो. मोडी म्हणजे मराठीची जुनी धावती लिपी. इथे ती वाचणारे आता मोजकेच. केस होती सुब्बारावांची. सत्तरी ओलांडलेले, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. लहानपणी दत्तक गेलेले. आता चुलतभाऊ म्हणत होते, दत्तक झालंच नाही, तू आमचा कोणी नव्हेस, राहतं घर सोड.

पुरावा एकच, मोडीतलं दत्तकपत्र. तारीख: विकारी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध द्वितीया. वर्षांना साठ नावं असतात, ती फिरून फिरून येतात. मी ऑफिसातल्या तक्त्यात विकारी शोधलं, इंग्रजी तारीख काढली आणि सही ठोकून मोकळा झालो. पण दत्तक घेणारे वडील पापनाशमला वारले, ते आधीच्या विलंबी वर्षात, पंगुनीच्या एकोणतिसाव्या दिवशी. तशी गावची तमिळ नोंद होती. पंगुनी हा तमिळ वर्षाचा शेवटचा महिना. म्हणजे माझ्या तारखेनं, वारल्यावर जवळजवळ वर्षानं त्यांनी मुलगा दत्तक घेतला. घ्या!

दुसऱ्या दिवशी सुब्बाराव आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे कॉफी घेतली, तक्ता निरखला आणि विचारलं, "सर, पाडव्याला संकल्प सोडताना तुमच्या घरी कुठल्या वर्षाचं नाव घेतात?"

"नव्या."

"आणि शेजारच्या तमिळ घरात, त्याच दिवशी?"

मी कपाळावर हात मारला. जुन्याच! तमिळ वर्ष सूर्याचं, ते एप्रिलच्या मध्यात, चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी बदलतं. आपलं चंद्राचं, ते पाडव्याला. नावं तीच, पण मधले काही दिवस एकाच गल्लीत दोन वर्षं नांदतात. माझा तक्ता तमिळ होता; त्यातलं विकारी सुरू होईतो त्या वर्षीची चैत्र शुद्ध द्वितीया उलटून गेलेली, म्हणून मी थेट पुढच्या वर्षीची धरली होती. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी माणसानंच करावी अशी ही चूक.

त्या वर्षीची दोन्ही पंचांगं मिळवली. अंतर पाच दिवसांचं. दत्तकपत्र त्या पाच दिवसांतलं, आणि वडील त्यानंतर दोन दिवसांनी गेलेले.

खरं तर वर्षाला सुरुवात अशी नसतेच, माणूस ती ठरवतो. पण एकानं सूर्य धरला, एकानं चंद्र, आणि दोघांनीही आपलं म्हणणं शेकडो वर्षं न चुकता पाळलं. मला दोघांचंही भारी कौतुक वाटलं. त्याहून सुब्बारावांचं. घर हातचं चाललेलं असताना त्यांनी माझी चूक मलाच शोधू दिली.

मी दुरुस्त ॲफिडेव्हिट दिलं. वकीलबाईंनी दोन्ही पंचांगं जजसमोर शेजारी शेजारी ठेवली. निकाल आमच्या बाजूनं लागला.

बाहेर आल्यावर सुब्बाराव घराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. "वडिलांनी मला मांडीवर घेतल्याचं आठवतं," ते म्हणाले. "पण ते खरं की ऐकीव, हे आजवर कळत नव्हतं." आणि भर आवारात रडले. मलाही राहवलं नाही.

आमच्या धंद्यात शिकलो ते एवढंच: तारीख वाचण्याआधी लिहिणाऱ्याचा सण विचारावा.