तीन जानेवारीचा मुहूर्त

को चिंग-हुइला वांगकुंग या समुद्रकाठच्या गावात लोक दोन गोष्टींसाठी ओळखत: त्याची कालवं आणि त्याची मतं. कालवं ताजी असत.

देवळासमोरच्या वडाखाली चहाचं टेबल आहे, तिथे त्याची खुर्ची ठरलेली. भरती चढली की कालवांच्या मळ्यात काम उरत नाही आणि देशाचं काय चुकतंय यावर बोलायला माणूस मोकळा होतो. चिंग-हुइच्या मते देशाचं एकच चुकलं होतं. पोरांची सक्तीची लष्करी सेवा कमी करत करत चार महिन्यांवर आणली होती.

"चार महिने! एवढ्यात मुळ्याचं लोणचं मुरत नाही, माणूस काय मुरणार? आम्ही दोन वर्षं काढली. किनमेन बेटावर. समोर दुश्मन, डोक्यावर तोफगोळे."

तोफगोळे होते, हे खरं. पण ते एक दिवसाआड येत आणि त्यांतून बहुतेक प्रचाराची पत्रकं पडत. शत्रू वक्तशीर होता. चिंग-हुइ त्या काळात छावणीची डुकरं सांभाळत असे. हे मला ठाऊक होतं, कारण त्याच छावणीच्या भटारखान्यात मी कोबी चिरत होतो. त्याने माझ्या कोबीविषयी कुठे वाच्यता केली नाही, मी त्याच्या डुकरांविषयी केली नाही. लष्करात जडलेली मैत्री म्हणतात ती हीच.

त्याचा मुलगा बुटांच्या कारखान्यात मुकादम आहे, समुद्रापलीकडे. म्हणजे ते गोळे जिथून येत त्याच बाजूला. घरी सून सू-च्यून आणि नातू पो-युआन. हा नातू जन्माआधी पोटात आडवा होता. शस्त्रक्रिया करावी लागणारच होती आणि डॉक्टर म्हणत होते, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकून घेऊ. पण पोट कापायचंच आहे तर चांगल्या घटकेला का कापू नये? आमच्याकडे कुणीही शहाणा सासरा हाच विचार करतो. चिंग-हुइ देवळामागच्या मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींकडे गेला. गुरुजींनी पंचांग चाळून तीन जानेवारीची सकाळ काढून दिली. "या घटकेचं पोर सरकारी अन्न खाईल," ते म्हणाले. चिंग-हुइच्या डोळ्यांपुढे टपाल कचेरी आणि पेन्शन उभी राहिली. सू-च्यूनचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. तिने तो आठवडा बसून काढला.

पुढे अठरा वर्षांनी, एका डिसेंबरच्या दुपारी, चहाच्या टपरीवरच्या टीव्हीवर बातमी आली. लष्करी सेवा पुन्हा एक वर्षाची होणार.

"घ्या!" चिंग-हुइने टेबलावर थाप मारली. "अखेर कुणाला तरी अक्कल आली."

"तुझंच ऐकलं रे त्यांनी," माशाचे गोळे विकणारा लिआओ म्हणाला. "आता तरी चहाचे पैसे दे." मग तो टीव्हीकडे डोळे बारीक करून पाहू लागला. "कुणाकुणाला लागू आहे म्हणे? दोन हजार पाचच्या एक जानेवारीपासून पुढे जन्मलेल्यांना. आपला पो-युआन कधीचा रे?"

चिंग-हुइने कप उचलला. तो रिकामा होता, तरी त्यातून तो बराच वेळ प्यायला.

घरी सू-च्यून अंगणात कालवं फोडत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. सुरी थांबली नाही.

"बाबा, डॉक्टर डिसेंबर म्हणत होते."

"मला काय माहीत, असं होईल म्हणून?"

"तुम्हाला नाही, पण गुरुजींना माहीत असायला हवं होतं. दक्षिणेचं एवढं जाड लाल पाकीट दिलं होतंत." तिने शिंपला टोपलीत टाकला. "आणि बाबा, ही समोरची सामुद्रधुनी आता तुमच्या वेळची नाही. आता पत्रकं नाही पडायची."

चिंग-हुइ गुरुजींकडे जाऊन आला. गुरुजी वारले होते. गादीवर त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, आता मोबाइलवरही मुहूर्त काढून देतो.

वसंतात गावच्या सभागृहात या विषयावर चर्चा ठेवली. निर्णय आधीच झालेला असल्यामुळे चर्चा मोकळेपणाने झाली. जुना सैनिक म्हणून चिंग-हुइला बोलायला उभं केलं. आदल्या दिवशी तो मला म्हणाला होता, "मी उलटं बोलणार आहे. तोंडावर सांगणार, अख्खं वर्ष फुकट जातं."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पोरगं माझं आहे."

तो उभा राहिला. समोर सगळे ओळखीचे चेहरे. या सगळ्यांना त्याने कधी ना कधी टेबलावर ऐकवलं होतं. घसा खाकरला. पुढच्या रांगेतून एका पोराची आई म्हणाली, "काका, तुम्ही दोन वर्षं होतात ना तिकडे? मग खरं सांगा, काय शिकलात?"

"डुकरं सांभाळायला," चिंग-हुइ म्हणाला.

सभागृह हसलं. लिआओ तर डोळे पुसत होता. "खरंच सांगतोय," चिंग-हुइ म्हणाला, तेव्हा आणखी जोरात हसले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठून सांगायला हवं होतं की नाही, हा प्रश्न मला पडायच्या आतच टाळ्या सुरू झाल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, जुन्या पिढीचा हा दिलखुलासपणाच देशाची ताकद आहे. स्थानिक बातमीपत्रात त्याचा हसरा फोटो आला. खाली लिहिलं होतं: किनमेनच्या वीराचा एक वर्षाला पाठिंबा.

त्यानंतर टेबलावर त्याने या विषयावर तोंड उघडलं नाही. लिआओ डिवचायचा, "काय रे वीरा, देश सुधारला वाटतं?" तो म्हणायचा, "चहा गार होतोय."

बारावीनंतर पो-युआनला लष्कराचं बोलावणं आलं. निघायच्या सकाळी सू-च्यूनने रीतीप्रमाणे डुकराचे पाय घालून शेवया केल्या, अरिष्ट टळावं म्हणून. सासऱ्यालाही वाडगा दिला. देवळातून आणलेला लाल ताईत तिने मुलाच्या गळ्यात घातला आणि शर्टाच्या आत सारला. डोकं आदल्या दिवशीच भादरलं होतं. त्याचे कान एकदम लहान मुलासारखे दिसत होते.

"आजोबा," पो-युआन दारात थांबून म्हणाला, "निघायची वेळ बघितलीत ना? किती वाजता चांगलं आहे?"

चिंग-हुइ वाडग्यात पाहत होता. शेवया फुगून आल्या होत्या.

"लष्करानेच दिलीय," तो म्हणाला. "सव्वाआठ. बस थांबत नाही."