दुप्पट पाऊस

गल्लीत त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर नाही हं, तोंडावर म्हणायची कुणाची बिशाद होती? काम लिफ्ट दुरुस्तीचं, हाताला कायम ग्रीस आणि नाकावर कायम राग. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढायच्या आधी हा झापायचा, "बटण दहादा दाबायला कुणी सांगितलं होतं?" मग सावकाश दार उघडायचा.

राहायचा तळमजल्यावर, एकटा. वरच्या मजल्यावर वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून दीर-भावजयीचं एक दिवस पटलं नव्हतं. टाकीतल्या पाण्यावरून, जिन्यातल्या चपलांवरून, कशावरूनही जुंपायची. तरी रोज संध्याकाळी त्याचा जेवणाचा डबा जिन्याच्या पायरीवर ठेवलेला असायचा. मीठ जास्त झालं की हा खालून ओरडायचा, कमी झालं तरी ओरडायचा. छान झालंय असं मात्र एकदाही ओरडला नाही.

त्यात पाऊस मोजायचं खूळ डोक्यात शिरलं. फावल्या वेळात तारा, सोल्डरिंग, छोटे बोर्ड असले उद्योग चालायचेच. त्यातून त्याने यंत्र बनवलं. वर नरसाळं, खाली तराजूसारख्या दोन वाट्या. एक भरली की कलंडते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. कलंडताना एक चुंबक काचेच्या नळीतल्या बारीक स्विचसमोरून सरकतं आणि बोर्डावरचा आकडा एकाने वाढतो. लिफ्ट मजल्यावर नेमकी थांबवायलाही हाच स्विच असतो. "या स्विचात जन्म गेलाय माझा," असं तो ज्याला त्याला सुनवायचा. सिरिंजने पाणी सोडून त्याने वाट्यांचं माप लावलं, तेव्हा टक टक कानाने मोजली. बोर्डाने किती मोजली ते बघितलंच नाही. स्विचवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवर घ्यायचा, आणि तो याचा स्वभाव नव्हता.

यंत्र गच्चीवर गेलं, वहिनीच्या कुंड्यांशेजारी. आकडा रोज गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुप यानेच काढलेला, त्यामुळे तिथेही याचाच दरारा. पण कोपऱ्यावरचा औषधवाला साध्या काचेच्या भांड्यात पाऊस मोजायचा. पहिल्याच मोठ्या पावसाला त्याने लिहिलं वीस मिलिमीटर, याने लिहिलं चाळीस. आजवर पाठीमागे चालणारं नाव उघड घेऊन औषधवाल्याने लगेच टोला हाणला, "मिलिमीटर, ढगांचा तुमच्यावर फार जीव दिसतोय!" अख्खी गल्ली खिदळली.

याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन वर गच्चीकडे बघतो तर वहिनी भुरभुर पावसातही झारीने कुंड्यांना पाणी घालतायत. सापडला चोर! रागाच्या भरात त्याने ग्रुपवर लिहून टाकलं, "यंत्र बरोबर आहे. वरच्या वहिनी मुद्दाम त्यात झारीने पाणी ओततात. माझं चांगलं झालेलं त्यांना बघवत नाही." ग्रुपवर वहिनी होत्या, त्यांच्या मैत्रिणी होत्या, दूधवालासुद्धा होता.

वहिनी तडक खाली आल्या.

"भाऊजी, मला ओतताना बघितलंत?"

"यंत्र खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते?"

त्याने मोबाईल टेबलावर पालथा टाकला.

"घरात काय भांडायचं ते भांडा. चारचौघांत मला खोटारडी ठरवायची नाही. ग्रुपवर लिहिलंत, ग्रुपवरच निस्तरा. रविवारपर्यंत वाट बघते. नाहीतर मी चालले लेकीकडे, कायमची."

"जा की! कुणी अडवलंय?"

त्या संध्याकाळी पायरीवर डबा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र खाली आणलं, ते वहिनीला तोंडघशी पाडायला. टेबलावर ठेवून बोटाने वाटी कलंडवली. एकदाच टक झालं. बोर्डावर आकडा दोन! पुन्हा कलंडवली. आकडा चार. मग त्याच्या लक्षात आलं. स्विचमधल्या पात्या चिकटताना थरथरतात. लिफ्टमध्ये या स्विचवर चालणारा जुना रिले, म्हणजे विजेचा खटका, सुस्त, त्याला ती थरथर कळतच नाही. हा बोर्ड मात्र तरतरीत, प्रत्येक थरथर मोजणारा. पाऊस घरबसल्या दुप्पट झाला होता, आणि झारीचा एक थेंब त्यात नव्हता.

"गाढवा," तो स्वतःलाच म्हणाला. एवढं एकच त्या आठवड्यात खरं बोलला.

एकदा मोजलं की क्षणभर कान बंद ठेव, एवढं बोर्डाला शिकवलं की झालं. तेवढं करून यंत्र गुपचूप वर ठेवलं. मग ग्रुप उघडून टाइप केलं, "वहिनींची चूक नव्हती." औषधवाल्याचं दात काढणं डोळ्यांपुढे आलं. पुसून टाकलं. पुढचा आकडा बरोबर आला की आपोआप मिटेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. मिटतंय कसलं!

शनिवारी पाऊस झाला. औषधवाला चौदा, हाही चौदा. ग्रुपवर नुसता धुमाकूळ. "जुळलं! वहिनींनी झारी खाली ठेवली वाटतं!" "कान टोचल्याशिवाय माणूस सुधारत नाही!" हा वाचत राहिला. बरोबर आलेल्या आकड्याने वहिनीवर शिक्का मारला होता, आणि तो आकडा याने स्वतःच्या हाताने बरोबर केला होता.

रविवारी वहिनी बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आकडा जुळला म्हणे."

"जुळला."

"झारी मी रोज फिरवलीय. कालही. मग कसा जुळला, भाऊजी?"

एक वाक्य बोलायचं होतं. चारचौघांतही नाही, फक्त तिच्यापुढे. "झारीचं पाणी वारा कुठे उडवेल, काय सांगता येतं," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं. "कळलंय तुम्हाला. कधीच कळलंय." गच्चीची आपल्याकडची किल्ली त्यांनी टेबलावर टाकली. "तुमचा भाऊ सांगायचा, धाकटा तापट आहे पण लबाड नाही. बरं झालं, तो गेला ते हे बघायच्या आधी गेला."

गाडी आली, बॅग चढली, वहिनी गेल्या. हा उठून उंबऱ्यापर्यंतही गेला नाही.

संध्याकाळी औषधवाल्याने लिहिलं, "वहिनी लेकीकडे गेल्या म्हणे. आता मिलिमीटरसाहेबांचं मोजमाप एकदम चोख!"

मिलिमीटरसाहेब! पहिल्यांदाच कुणी साहेब म्हटलं होतं. त्याने बराच वेळ ते वाचलं, आणि त्यावर पसंतीचा अंगठा टाकला.

थोड्या वेळाने पडद्यावर बारीक अक्षरांत ओळ आली, वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्याची.