टॅबमध्ये आलेले काका

आमच्या टॅबमध्ये भूत शिरलं तो रविवार होता, म्हणून मी घरी होतो. एरवी आठवडाभर घरात जे काही शिरतं (पाली, उंदीर, वरच्या मजल्यावरून झिरपणारं पाणी) ते वैशाली एकटीच निस्तरते.

भुताच्या आदल्या दिवशी मी पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानातून एक गेम कंट्रोलर आणला होता. बिनवायरचा, मुठीएवढा, फोनला जोडायचा. फोनवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता आणि काचेवर बोटं घासून माझी गाडी दर वळणावर दरीत जात होती. वैशालीला यातलं काही सांगायची सोय नव्हती. मागच्याच महिन्यात शर्यतीच्या नादात मी कुकर विसरलो होतो, आणि डाळीचं जे झालं ते खरवडायला तिला हातोडी लागली होती. 'परत गेम खेळताना दिसलात तर फोन गॅलरीतून खाली!' अशी जाहीर घोषणा झाली होती. आम्ही नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो.

म्हणून सगळं गुपचूप चाललं होतं. शनिवारी संध्याकाळी वैशाली भाजीला गेल्यावर मी कंट्रोलर आधी टॅबला लावून पाहिला, पडदा मोठा म्हणून. टॅब म्हणाला, 'जोडलं गेलं.' पण गाडी जागची हलेना. गेम त्याला ओळखतच नसावा. मग रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी बेडरूमचं दार लोटून घेतलं आणि फोनला जोडायच्या मागे लागलो. सोबतची पत्रिका चिनी भाषेत होती. चित्रांवरून एवढंच कळत होतं, की दोन बटणं एकदम दाबायची, निळा दिवा लुकलुकतो, आणि तो लुकलुकायचा थांबला की जमलं.

दिवा लुकलुकला. थांबला. जमलं!

फोन म्हणाला, 'एकही उपकरण सापडलं नाही.'

मी सगळी बटणं एकामागून एक दाबली. दांडी गरागरा फिरवली. फोन ढिम्म. आणि बाहेरच्या खोलीतून अशी किंकाळी आली, की कंट्रोलर माझ्या हातातून गळून पडला.

"आरं बाला, धाव! तुजा काका आलाय!"

ही माझी हिराआत्या, आपटा गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेली. आत्या म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. पाताळगंगेला पूर आलेला असताना होडी घालून पलीकडून म्हैस आणलेली बाई! गोठ्यात निघालेला नाग तिने कोयत्याने मारला होता आणि नंतर म्हणे चहा घेतला होता. तिने किंकाळी मारली, याचाच अर्थ प्रकरण माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. आणि काका? आत्याचे यजमान धर्माकाका तीन वर्षांपूर्वी वारले होते.

मी कंट्रोलर उचलला, घाईघाईने बर्मुडाच्या मागच्या खिशात कोंबला आणि धावलो.

डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून आत्या भिंतीला पाठ टेकवून उभी होती. समोर टीपॉयवर टॅब. त्यात नातीच्या लग्नाचे फोटो ती बघत बसली होती. आता पडद्यावर पांढरी टोपी घातलेले धर्माकाका होते, अख्ख्या पडद्याएवढे.

"मी हात नाय लावला," आत्या म्हणाली. "आपला आपण फोटू सरकत गेला नि ह्यांच्यावर येऊन थांबला. मंग मोठा झाला. मंग बारका झाला. परत मोठा झाला!"

वैशाली स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आली होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. अशा वेळी पुरुषाने शांत राहायचं असतं, म्हणून मी शांत आवाजात म्हणालो, "काही नाही, हँग झालाय. यातलं मला कळतं," आणि दिवाणावर बसलो.

काका उजवीकडे गेले. डावीकडे गेले. नाहीसे झाले, परत आले, आणि थेट आमच्या अंगावर येत येत इतके मोठे झाले, की शेवटी पडद्यावर फक्त त्यांचं नाक उरलं.

मी ताडकन उठलो. काका थांबले.

"हँग झालाय ना?" वैशालीने बारीक आवाजात विचारलं.

"हो... म्हणजे... असंही होतं कधीकधी," मी म्हणालो. घाबरलेला दिसू नये म्हणून पुन्हा बसलो. काका पुन्हा उसळले. उठलो, थांबले.

हे आत्याच्या लगेच ध्यानात आलं. "बस बगू," ती म्हणाली. मी बसलो. पडद्यावर थयथयाट! "ऊठ." उठलो. शांतता. "तू बस गं, पोरी." वैशाली बसली. काही नाही. आत्याने स्वतः बसून पाहिलं. काही नाही. मग दोघींनी मिळून मला खांदे धरून खाली बसवलं आणि टॅबने एकदम मोठ्ठा आवाज करून कुठलीशी जाहिरात लावली.

"तुज्यावर राग हाय त्यांचा," आत्याने निकाल दिला. "तू बसलास की भडकतात."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"ते तुजं तुला म्हायती!"

खिशातला कंट्रोलर मला प्रत्येक वेळी टोचत होता, नाही असं नाही. पण त्याच्यावर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. तो तर कशालाच जोडला जात नव्हता! शिवाय तो बाहेर काढावा तर समोर वैशाली उभी. काका एक वेळ परवडले. मी हात जोडले आणि टॅबला म्हणालो, "काका, काही चुकलं असेल तर माफ करा." टॅब गप्प. तो गप्प राहिला, याचीच मला जास्त भीती वाटली. घामाने बनियन पाठीला चिकटला होता, आणि आपल्याच घरात बसायला जागा नाही, हे किती भयंकर असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"बंदच करून टाका ना तो!" वैशाली म्हणाली.

"मी? त्यांचा राग माझ्यावर आहे! तू कर."

"टॅब माझ्या बाबांनी दिलाय. काही झालं तर?"

हेही खरं होतं. टॅब अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दिवाळीला दिला होता, उरणला बसून लेकीचं तोंड दिसावं म्हणून. अण्णा पोलिसात फौजदार होते. रिटायर झाले तरी त्यांनी 'काय, कसं चाललंय?' विचारलं, की मला जबानी दिल्यासारखं वाटायचं.

एवढा वेळ आत्या पडद्याकडे टक लावून बघत होती. अचानक ती म्हणाली, "ह्ये तुजे काका नायत."

"म्हणजे?"

"आरं, तो माणूस उभ्या जन्मात एवढा हलला नाय! बसला तर बसला. हा दुसराच कोन तरी हाय. ह्यांच्या फोटूत शिरलाय मेला. पोरी, मीठ-मोहऱ्या आन. मिरच्या पन!"

गॅसवर करवंट्या पेटवून तव्यावर निखारे आले, निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या, आणि खोलीत असा ठसका उठला, की शेजाऱ्यांनी भराभर खिडक्या लावल्याचे आवाज आले. "तू समोर बस," आत्याने मला फर्मावलं. "तू बसल्याबिगर तो भायेर येनार नाय." म्हणजे वाघासमोर बांधतात ती शेळी मी! मी डोळे मिटून बसलो. टॅब खवळला. टिंग, टिंग, टुंग असले आवाज यायला लागले. धुरात काही दिसत नव्हतं. आत्या मूठभर मीठ-मोहऱ्या टॅबवरून उतरवत गरजली,

"चल, नीघ या घरातून! परत हितं पाय ठेवलास तर तंगडी मोडून हातात देईन!"

"जा बाबा एकदाचा!" मीही कळवळून ओरडलो. "तू आल्यापासून आम्हाला सुखाने बसता येत नाही!"

वैशाली मिरच्यांमुळे हमसून हमसून रडत होती.

आणि टॅबमधून एक जाड, घोगरा आवाज आला. "कोणाला सांगता?"

 मग आत्याने मिठासकट सगळी मूठ टॅबवर फेकली, वैशालीने चादर टाकली, आणि मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण वैशाली सांगते, की मी चादरीवर चढून बसलो. आवाज बंद झाला. मग आम्ही तो टॅब चादरीसकट गॅलरीत नेला, त्यावर मोठं पातेलं पालथं घातलं आणि पातेल्यावर पाटा ठेवला.

मला बसायची बंदी झाली. सव्वा तास मी दाराला टेकून उभा होतो.  गॅलरीत कावळा जरी ओरडला तरी आम्ही तिघं एकमेकांचे हात धरत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. कोणी जागचं हललं नाही. दारावर धाडधाड थापा बसल्या. "दार उघडा!"

तोच जाड आवाज!

"भायेरून आला," आत्या पुटपुटली आणि तिने दिवाणाखाली बघितलं. माझ्या आधी तिथे शिरायला जागा आहे का, याचा अंदाज घेत असावी. शेवटी वैशालीनेच कडी काढली. दारात काठी घेऊन अण्णा! मागे जिन्यावर त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आलेले धिप्पाड शेजारी गृहस्थ.

"माझ्या पोरीला मिरच्यांची धुरी देता?" अण्णा माझ्याकडे वळले. "तुमचा कॉल आला, डोळ्यांनी बघितलं मी! पोर रडतेय, तुम्ही ओरडताय, मला म्हणता परत पाय ठेवू नका, म्हातारी तंगडी मोडते म्हणते! काय चाललंय या घरात?"

"बाबा, आम्ही कॉल केलाच नाही," वैशाली म्हणाली. "टॅबमध्ये भूत आहे."

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, की आरोपी वाढल्याची नोंद मनात झाली असावी. "भूत?" ते म्हणाले.  मी मटकन खुर्चीत बसलो.

गॅलरीत पातेल्याखालून टुंग, टुंग ऐकू आलं. आणि अण्णांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला. पडद्यावर वैशालीचा हसरा फोटो आणि नाव. समोर वैशाली, दोन्ही हात रिकामे.

अण्णांच्या हातातली काठी पडली. जिन्यावरचे गृहस्थ मी मान वळवेपर्यंत तळमजल्यावर पोचले होते.

मी उठलो. फोन आपोआप थांबला नाही, वाजतच राहिला. मी दोन्ही हात वर करून गोल फिरलो, शपथेवर सांगतो, का ते माहीत नाही.

"थांबा," वैशाली म्हणाली. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी ती माझ्या पाठीमागे बघत होती. "तुमच्या बर्मुडात निळं काय चमकतंय?"

बाकीचं लांबवण्यात अर्थ नाही. कंट्रोलर बाहेर निघाला. अण्णांनी तो पुराव्याच्या वस्तूसारखा दोन बोटांत धरून एक बटण दाबलं आणि त्यांचा फोन वाजायचा थांबला. शनिवारी मी तो टॅबला जोडला होता. फक्त तो गेम त्याला मानत नव्हता, टॅब मानत होता. चालू केला की कंट्रोलर आपला इमानेइतबारे टॅबलाच जाऊन मिळत होता, आणि मी बसेन तसं माझ्या बुडाखालून फोटो सरकत होते, कॉल लागत होते.

आत्याने पातेल्याखालून टॅब काढला, पदराने मीठ पुसलं. "म्हंजे ते आलेच नवते," ती म्हणाली. तिचा आवाज जरा हिरमुसलेला वाटला. मग ती खुर्चीत बसली आणि स्वतःच्या बोटाने धर्माकाकांचा फोटो मोठा करून बघत राहिली. 

वैशालीने चहा टाकला. अण्णांनी तो घेतला. निघताना त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. हळू बोलायची सवय नसल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"जावई ऑफिसात नेमकं काय काम करतात गं?"

"अख्ख्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतात," वैशाली म्हणाली.

त्यावर अण्णा जसे घाबरले, तसे ते फोन आपोआप वाजला तेव्हाही घाबरले नव्हते.