तू तोंडी सांग

खंडेनवमीला कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटरची पूजा व्हायची. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूची फुलं. रांगेत माझी पाळी आली. फूल वाहायला हात पुढे केला, तर सरांनी तो मध्येच अडवला.

"तू फूल खाली ठेव. मी वाहतो."

बाकी कुणालाच थांबवलं नव्हतं. मी फूल फरशीवर ठेवलं. सरांनी ते उचललंसुद्धा नाही.

मी संगमेश्वरच्या पलीकडच्या बौद्धवाडीतली. रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. साल दोन हजार तीन. सोनोग्राफीच्या यंत्रातून निघालेला आवाज शरीरात कसा पसरतो, कुठे एकवटतो, हे कॉम्प्युटरवर काढून बघायचं, हा आमचा प्रोजेक्ट. त्याचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर होतं. प्रोजेक्टला आम्ही दोघी, मी आणि मांडवीच्या डॉक्टरांची मेघना. सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "टायपिंग मेघना करेल. तू तोंडी सांग."

मला वाटलं, माझा वेग कमी म्हणून. काय भोळी होते मी! तिच्या खुर्चीमागे उभी राहून सांगायचे. आधी सॉफ्टवेअर सुरू कर. आता अंगावर टेकवतात त्या प्रोबची मापं दे. आवाज किती खोलीवर एकवटायचा ते दे. ती टाइप करायची, जांभया द्यायची. चित्र काही धड येत नव्हतं.

फुलानंतर सगळं लख्ख कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दसऱ्यानंतर लॅब उघडली, मेघना यायची होती. मी सरळ खुर्चीवर जाऊन बसले.

एकेक अक्षर शोधत टाइप केलं. पडदा नुसता निळा. पुन्हा बघितलं. सॉफ्टवेअरला सगळी मापं मीटरमध्ये लागतात आणि आम्ही मिलिमीटरचे आकडे देत होतो. सुधारले. निळ्यात एक लाल पट्टा उमटला, मधे निमुळता. आवाज एकवटला होता. माझ्या हातून. मला रडूच आलं.

सर मागे उभे होते. पडद्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मशीन बंद केलं. ओलं फडकं मागवलं आणि सगळ्या वर्गासमोर कीबोर्ड पुसला. एकही बटण सोडलं नाही. मेघना दारात उभी होती, ती खाली बघत राहिली.

"विनापरवानगी मशीन वापरलंस. लेखी माफीनामा दे, नाहीतर प्रोजेक्टमधून नाव काढतो."

वडिलांना बोलावलं. ते एसटीने आले, सरांपुढे हात जोडून उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाय, एकदाच म्हन चुकलं म्हनून. तुजं शिक्षान बुडंल."

त्यांची मान अजून खालीच होती. मला त्यांचा राग आला, आणि पोटात तुटलंही. मी नाही म्हटलं.

प्रोजेक्टशिवाय डिग्री मिळत नव्हती, शिक्षण बुडालं. प्रोजेक्ट एकट्या मेघनाच्या नावावर गेला. वडील महिनोन्महिने माझ्याशी बोलले नाहीत. आता मी लांज्यात काजूच्या कारखान्यात बिया सोलते. ते सॉफ्टवेअर पुन्हा नजरेला पडलं नाही, पडेल अशी आशाही नाही. शिकण्याचं वय गेलं, सवय गेली.

पण उद्या कुणी डिग्री हातावर ठेवली आणि म्हणालं, फक्त चुकलं म्हण, तरी म्हणणार नाही. मी चुकले नव्हते. माफी कुणी मागायचीच असेल, तर ती माझ्याकडे मागायला यावं लागेल. आणि सर आले, तरी ती मी देणार नाही.