फुलदाणीतले तांदूळ

नव्या बासमतीची पिशवी कापली की त्या वासासरशी मला वेस्ट विंडसरमधली आमच्या शेजारची चिनी आजी आठवते. घर विकून ती मुलीकडे राहायला निघाली होती, आणि घराचं रंगकाम चाललं असताना तिने आपली पिवळी फुलदाणी आमच्याकडे ठेवायला दिली. तिच्यावरचा ड्रॅगन दाखवून ती म्हणाली, "पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा. भट्टीत एखादी फुलदाणी जरा बिघडली तरी फोडून टाकायचे, बाहेर कुणाच्या हाती लागू नये म्हणून. ही मात्र साधी दुकानातली." आठवड्याने ती न्यायला आली, तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला अडवलं. "अगं, भांडं कधी रिकामं परत देतात का?" मी ऑफिसातून दमून आले होते, फुलदाणी म्हणजे भांडं नव्हे एवढं म्हणायचंही त्राण नव्हतं. गळ्यापर्यंत तांदूळ भरून दिले. वजन लागलं तशी आजीने आत पाहिलं आणि आमच्या पायरीवरच बसली. "सगळं घर रिकामं करून झालं," ती हळू म्हणाली, "भरलेलं एवढंच राहिलं." सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं, तरी त्या तिच्याशेजारी जाऊन बसल्या. आता सासूबाई नाहीत, आणि आम्हीही घर विकलंय. मुलगा म्हणतो, "आई, जस्ट डोनेट इट." गराजमध्ये देऊन टाकायच्या डब्यांची रांग लागली आहे, पाठ दुखतेय, आणि मी एकेक झाकण उघडून आत मूठभर तांदूळ टाकतेय.