खांब धरायला दुसरा माणूस

खरं सांगा, तुमच्या घरातल्या ट्रेडमिलवर शेवटचं कोण चाललं होतं?

टॉवेल धरत नाही मी. चादरी, ओल्या पँटी, इस्त्रीला द्यायचे शर्ट, तेही नाही. माणूस विचारतोय. आठवत नाही ना? मग तुम्हीही आमच्या मेकॅनिक किल्लीशी खोटं बोलला असता. दारात चपला काढता काढता तो हाच प्रश्न विचारतो आणि दहातली नऊ घरं छाती पुढे काढून सांगतात, "मीच की! रोज!" आत जावं तर पट्ट्यावर बोटभर धूळ, आणि धुळीत मांजराची पावलं.

किल्ली हा आमच्या दुरुस्ती कामगार संघटनेचा सभासद, मी तिचा चिटणीस. वय चोपन्न. अठरा वर्षं घरोघरची व्यायामाची यंत्रं दुरुस्त करतोय. ट्रेडमिलला दोरीला बांधलेली एक लाल किल्ली असते. ती जागेवर नसली की यंत्र ढिम्म. लोक "डिस्प्ले मेला, डिस्प्ले मेला" म्हणून गाव गोळा करतात आणि किल्ली नातवाच्या खेळण्यांत निघते. काखेत कळसा. म्हणून ह्याचं दुसरं वाक्य ठरलेलं, "किल्ली कुठाय?" त्यावरून नाव पडलं. खरं नाव संघटनेच्या वहीत आहे, तिथेच राहू दे.

पहिल्या प्रश्नालाही कारण आहे. भारी माणूस चालला असेल तर दोष मोटरीकडे, पोर चढलं असेल तर लाल किल्लीकडे, कोणीच चाललं नसेल तर उंदराकडे. तो म्हणतो, "यंत्र बोलत नाही, पण शेवटचा माणूस बोलतो. मात्र खरं बोलायला हवा."

ट्रेडमिल बाहेरच्या खोलीत असते ती पहिलं वर्ष. पाहुण्यांना दाखवून झाली की ती आत जाते, पलंगाशेजारी. म्हणजे किल्लीची अठरा वर्षं लोकांच्या झोपायच्या खोल्यांत गेली. औषधाच्या बाटल्या, पलंगाखाली सरकवलेली भांडणं, सगळं त्याने गुडघ्यावर बसून पाहिलंय. दोन उशांतली कुठली कित्येक दिवसांत चुरगळली नाही हे त्याला दारातून कळतं. त्याच्या स्वतःच्या खोलीत उशी एकच. बॅटरीच्या दुकानावरची खोली, एक खुर्ची, एक खिडकी. लग्नाचं राहून गेलं असं तो म्हणतो, एखादा बल्ब आणायचा राहून जावा तसं. दिवसभर त्याच्याशी बोलतो तो कंपनीचा फोन: नवीन काम, उशीर झाला, काम संपवा. एका कामाला चाळीस मिनिटं. आणि फोनात एक तक्ता आहे, तो वाचून माझं डोकं फिरतं: डिस्प्ले लागत नसेल तर डिस्प्ले बदला. का लागत नाही हे शोधायचं कलमच नाही. वडाची साल पिंपळाला आणि गिऱ्हाईक रांगेला.

गेल्या वर्षी एका दुपारी त्याला एका तिसऱ्या मजल्यावर पाठवलं. त्या तक्रारीवर दोनदा माणूस जाऊन दोनदा परत आला होता. शेरा: ग्राहक भांडखोर.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. ताठ, दाढी केलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. मोजणी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. भिंतीवरचं घड्याळसुद्धा पट्टी लावून टांगलेलं.

"डिस्प्ले बदलायला आला असाल तर आल्या पावली फिरा," म्हातारा म्हणाला.

"बघायला आलोय, काका. शेवटचं कोण चाललं होतं यावर?"

म्हातारा म्हणाला, "आमची ही. दोन महिने झाले तिला जाऊन."

किल्ली चपला काढून आत आला. तो म्हणाला, "किल्ली कुठाय?"

"जागेवर आहे. मी काय खुळा आहे?"

खोलीत पलंग, दोन उशा, खिडकीशी यंत्र. पट्ट्यावर धूळ नव्हती. रोज पुसलेला होता. किल्लीने भिंतीच्या सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. यंत्राच्या पुढचं बटण चालू केलं. शेजारची उडी मारणारी कळ, म्हणजे जास्त वीज आली की आपोआप बाहेर येते ती, ती आतच होती. डिस्प्ले काळा. त्याखालच्या पाटीवर काळजीने ठेवलेला एक चष्मा तेवढा होता.

"आधीच्यांना का परत पाठवलंत?" त्याने स्क्रू काढता काढता विचारलं.

"आतला आकडा राहील का, विचारलं. म्हणाले, नवा डिस्प्ले शून्यापासून सुरू होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"कुठला आकडा?"

म्हातारा पलंगाच्या कडेला बसला आणि बोलायला लागला; माणूस फार दिवसांनी बोलतो तसा, मधूनच.

त्यांची एकच लेक. तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि लांबच्या गावी गेली. ह्याने शपथ घेतली, तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. त्याला नऊ वर्षं झाली. बायको म्हणाली, तुम्ही येणार नाही आणि तुम्हाला टाकून मी एकटी जाणार नाही. मग मी इथूनच चालत जाते. त्याला वाटलं टोमणा आहे. होताच. पण तिने विचारलं, किती लांब आहे हो? नकाशेवाल्याला अंतर विचारलं की तो राग विसरतो. त्याने पट्टी काढली, मोजलं आणि सांगितलं: अकराशे चाळीस किलोमीटर. दुसऱ्या महिन्यात घरात ट्रेडमिल आली. रोज सकाळी ती चष्मा पाटीवर ठेवून चालायची. किलोमीटर, कधी अर्धा, गुडघे साथ देतील तसा.

"कुठवर आलीस विचारलं की म्हणायची, चाललेय. आकडा कधी सांगितला नाही. सहा वर्षं! दोन बटणं एकदम दाबून एकटीच बघायची. कुठली ते मला माहीत नाही. ते जोडायला आला होता त्याने तिला शिकवलं होतं."

"मग तुम्हाला आकडा कशाला हवाय?"

"पोचली का नाही, हे कळायला नको?" म्हातारा खेकसला. "कमी पडलं असेल तर उरलेलं मी चालीन. पण किती, ते सांगा ना!"

किल्लीने पुढचं झाकण उचललं. आत खालच्या सर्किटच्या पाटीवर हिरवा दिवा लागलेला होता, म्हणजे वीज आत येत होती. मीटरची टोकं लावली: खालून वर जाणाऱ्या वायरीत बारा व्होल्ट. वर जाऊन डिस्प्लेच्या मागे लावली: शून्य. म्हणजे डिस्प्ले मेलेला नव्हता. त्याला उपाशी ठेवलं होतं. दोष मधल्या वायरीत, उजव्या खांबाच्या पोटात.

फोन किणकिणला: चाळीस मिनिटं झाली. त्याने फोन उशीखाली सरकवला. न चुरगळलेल्या उशीखाली. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पटकन काढून खिशात घातला.

"हे आधी अधूनमधून विझायचं का?"

"विझायचं. महिनाभर. चालता चालता बंद, मग आपोआप चालू. मी तिला बोललो. म्हटलं तूच ती दोरी हिसडतेस, तुझ्या हाताला जोर फार, घरातली एक वस्तू धड ठेवत नाहीस. शेवटचे आठ दिवस रोज बोललो. ती म्हणायची, मी नाही हो काही केलं. मग एक दिवस पुरतंच बंद पडलं. म्हटलं, घ्या, मोडलंस एकदाचं! त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात नेलं."

किल्लीने खांबाचे चार बोल्ट सोडवले, खांब जरा उचलला आणि वायर ओढून काढली. बुडाशी, खांब जिथे पायावर बसतो तिथे, ती चेपली होती. सहा वर्षं रोजच्या चालण्याने हादरत हादरत लोखंडाच्या कडेने एकेक तार कापत आणली होती. आणि त्याच्या दोन बोटं वर, वायरीच्या जोडाला पिवळी टेप गुंडाळलेली होती, शेवटचं टोक आत दुमडून, पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं म्हणून.

टेपचं टोक असं दुमडणारा या शहरात एकच माणूस आहे.

तो नंतर आमच्या कचेरीत बसून मला सांगत होता, "मला घर आठवत नव्हतं रे. तीन-चार हजार यंत्रं जोडली असतील. पण टेप माझी होती."

आता हे नीट ऐका, कारण इथे माझा संताप आहे. ट्रेडमिलचा खांब बसवणं हे दोन माणसांचं काम. एकाने खांब धरायचा, दुसऱ्याने वायर आत सारून मग बोल्ट आवळायचा. कंपनीच्या पुस्तकातच दोन माणसांचं चित्र आहे. पाठवतात एकालाच. मग तो खांब खांद्यावर तोलतो, एका हाताने बोल्ट फिरवतो, आणि खाली वायर कुठे गेली हे बघायला तिसरा डोळा नसतो.

तिथे त्या खोलीत किल्लीला गप्प बसता आलं असतं. "वायर झिजली, काका," एवढं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? तो म्हणाला,

"काकूंनी नाही मोडलं. मी मोडलं. सहा वर्षांपूर्वी जोडणी मी केली होती. वायर मी चेपली. ही बघा."

म्हाताऱ्याने चष्मा घातला. बायकोचा. वायर हातात घेऊन नकाशा बघावा तशी बघितली.

"बाहेर व्हा," तो म्हणाला.

"होतो. पण वायर जोडून मग होतो."

"आठ दिवस मी तिला बोललो! कळतंय का तुम्हाला? तिचे शेवटचे आठ दिवस!"

"कळतंय."

"काय कळतंय? घरी कोणी आहे का तुमच्या?"

"नाही," किल्ली म्हणाला.

किल्लीने तुटक्या तारा सोलल्या, रंगाला रंग जोडला, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली, टोक दुमडलं. मग खांब उचलायची वेळ आली. तो सवयीने खांद्यावर घ्यायला वाकला, आणि थांबला.

"काका, खांब धरा."

"मी?"

"हे दोन माणसांचं काम आहे. मागच्या वेळी एकाने केलं म्हणून हे झालं."

म्हातारा उठला. त्याने दोन्ही हातांनी खांब धरला, चेहरा भिंतीकडे वळवून. खांबाची रेष सरळ होती; नकाशेवाल्याचा हात. किल्लीने बोटाने वायर आत सारली, पुन्हा चाचपली, मग बोल्ट आवळले.

"सोडा आता."

म्हाताऱ्याने जरा उशिराच सोडला.

बटण दाबलं. डिस्प्ले एकदा लुकलुकला आणि लागला. किल्लीने म्हाताऱ्याची दोन बोटं धरून दोन बटणांवर ठेवली. "एकदम दाबा."

सोळाशे बारा.

म्हाताऱ्याने पुन्हा दाबलं. सोळाशे बारा. तोंडातल्या तोंडात वजाबाकी झाली. "चारशे बहात्तर जास्त. चूक आहे. अकराशे चाळीसच आहे, मी दोनदा मोजलं होतं."

"चूक नाही, काका. पोचल्या त्या, केव्हाच."

"मग पुढे कुठे चालली होती?"

किल्ली हत्यारं पिशवीत भरत होता. वर न बघता म्हणाला, "परत येत असतील. इथे तुम्ही एकटे होता ना."

म्हातारा पट्ट्याच्या कडेवर बसला. "पोचली आणि मला सांगितलं नाही," तो म्हणाला. मग बोटांवर मोजून, "परतीचे सहाशे अडुसष्ट उरलेत." मग म्हणाला, "लेकीचा नंबर ह्या चष्म्याच्या घरात लिहून ठेवलाय तिने. मला माहीत होतं."

किल्ली चपला घालून निघाला. दार ओढताना त्याला आतून पट्टा फिरल्याचा आवाज आला, अगदी हळू, आणि त्यावर अनोळखी पावलं. लेकीला फोन केला की नाही, आम्हाला माहीत नाही. विचारायला तो परत गेला नाही. "मी कोण विचारणारा?" म्हणतो.

जिन्यात बसून त्याने फोनात बिघाडाचं कारण भरलं: जोडणी करणाऱ्याची चूक. जोडणी मी केली. त्या संध्याकाळपासून कंपनीने त्याला काम पाठवणं बंद केलं.

मी त्याच्यावर ओरडलो. "अरे, हात दाखवून अवलक्षण! झीज लिहायचं होतंस! नाहीतर लिही की एकट्याला पाठवलं म्हणून!"

"ते तू लिही," तो म्हणाला. "तुझं कामच आहे ते. पण हात माझा होता. आणि मी झीज लिहिली असती तर काकूंचं नाव कागदावर दोषातून सुटलंच नसतं."

मी लिहिलं. कंपनीला चार पत्रं. उत्तर एकाचंही नाही. पाचवं मी स्वतः घेऊन जाणार आहे आणि तेव्हा आवाज खाली ठेवायची हमी देत नाही. पण ते माझं भांडण. किल्ली मात्र बॅटरीच्या दुकानावर खिडकीशी बसतो. फोन समोर उताणा ठेवतो. दिवसभर हुकूम सोडणारा फोन आता गप्प आहे. तो म्हणतो, मधेच किणकिणल्यासारखं वाटतं, उचलून बघतो तर काळा. वीज आहे, पण वर काही पोचत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. जा, आतल्या खोलीत जा, यंत्रावरचे टॉवेल उचला आणि बटण दाबून बघा. लागलं नाही तर कंपनीला नका, आमच्या संघटनेच्या कचेरीत फोन करा आणि किल्लीला बोलवा. खांब धरायला घरात कोणीतरी थांबा. आणि तो दारात चपला काढता काढता विचारेल त्या प्रश्नाचं, एवढी मेहरबानी करा, खरं उत्तर द्या.