आमच्या लॅबमध्ये चुकायची तयारी आधी करतात

लॅबमध्ये धूळ आणि किस्से या दोनच गोष्टी आपोआप साठतात. धूळ निदान दिवाळीला पुसली जाते. किस्से कुणी पुसत नाही. उलट नवी मुलं आली की जुनी मुलं त्यांना ते ऐकवतात, आणि ऐकवताना पदरचं तिखट-मीठ घालतात. म्हणून म्हटलं, मालकिणीनंच एकदा ते खरे खरे सांगून टाकावेत.

मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या बदलीबरोबर चंडीगडला आले आणि इथल्या एका संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, ती आजतागायत. माझ्या हाताखाली पीएचडीची मुलं असतात. त्यांच्यासाठी मी एक रिवाज घालून दिलाय. दर शुक्रवारी चहाच्या वेळी एकानं उभं राहून आपलं गृहीतक मांडायचं. स्लाइड नाही, कागद नाही, चहा गार व्हायच्या आत संपवायचं. मग बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "गलत कब होगे?" म्हणजे, काय दिसलं तर तू स्वतः कबूल करशील की माझं चुकलं? उत्तर आलं नाही तर पुढच्या शुक्रवारचे समोसे त्याच्याकडून.

सुरुवातीला मुलं समोसेच आणायची.

*

शंतनूचा पहिला शुक्रवार. शंतनू म्हणजे चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या एका कर्नलसाहेबांचा मुलगा, घराणं नागपूरचं. मी त्याच्याशी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि आम्हां दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

तर हा उभा राहिला आणि म्हणाला की झाडं स्वतःला हवी ती जागा निवडतात. रोप जगलं तर त्याला जागा आवडली. आणि मेलं तर? तर नाही आवडली. आणि अर्धवट वाढलं तर? तर त्याचं अजून ठरलेलं नाही! कुठूनही धरा, गडी हातातून निसटायचा. चेहऱ्यावर असा विजय की जणू सगळा विषय त्यानं खिशात घातला.

कोपऱ्यात हरलीन बसली होती. पिंजौरहून रोज बसनं येणारी, कमी बोलणारी मुलगी. ती शांतपणे म्हणाली, "यार, ये हायपोथेसिस नहीं है. ये तो मेरी ताईजी हैं. वो भी कभी गलत नहीं होतीं."

ताईजी म्हणजे तिची थोरली चुलती. तेव्हापासून आमच्याकडे कधीच चुकू न शकणाऱ्या गृहीतकाला 'ताईजी' म्हणतात. परदेशातून आलेल्या एका पाहुण्यांच्या व्याख्यानात शंतनू माझ्या कानाशी लागून "मैडम, ताईजी" एवढंच म्हणाला, आणि मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं.

*

होळीला सगळी मुलं एयरोसिटीत आमच्या घरी पुरणपोळी खायला येतात. एका वर्षी पुरणाची डाळ काही केल्या शिजेना. आमच्या ह्यांनी निकाल देऊन टाकला की चंडीगडच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ शिजतच नाही.

शंतनूनं अगदी अदबीनं विचारलं, "अंकल, आप गलत कब होंगे?"

हे केंद्र सरकारचे अधिकारी. म्हणाले, "रिटायर झाल्यावर."

पण मुलांनी पिच्छा सोडला नाही. माझ्याकडे सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेली नवी डाळ होती. हरलीननं दोन सारखी पातेली घेतली, दोन्हींत नळाचंच पाणी, एकात सांगलीची डाळ आणि दुसऱ्यात इथल्या दुकानातली. सांगलीची डाळ त्याच पाण्यात लोण्यासारखी शिजली. पाण्याचा काही दोष नव्हता, दुकानातली डाळ जुनी होती. हे आता किराणावाल्याला डाळ कधीची आहे ते विचारतात, आणि वर सांगतात की आमच्या घरी सगळं टेस्ट करून घेतात.

*

आमचा शुक्रवार हरलीननं पिंजौरच्या एका शाळेत नेला. तिथं सहावीतली एक मुलगी उभी राहिली. तिचं गृहीतक असं, की मोठ्या बाई वर्गात आल्या की वर्ग गप्प होतो तो बाईंमुळे नाही, दारामुळे. दार करकरतं, म्हणून आम्ही गप्प होतो.

मोठ्या बाई तिथंच बसल्या होत्या. हरलीननं त्या मुलीला गंभीरपणे विचारलं, तू चूक कधी ठरशील? मुलगी म्हणाली, करकर न होता बाई आत आल्या आणि तरी वर्ग गप्प झाला, तर.

शेजारच्या वर्गात प्रयोग झाला. मोठ्या बाई मागच्या उघड्या दारानं हळूच आत गेल्या. गलका चालूच! मग बाई बाहेर आल्या आणि पुढचं दार नुसतं ढकललं. आत कुणीच गेलं नाही, पण वर्ग चिडीचूप. बाई मनाच्या मोठ्या, खळखळून हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी याला माझा दरारा समजत होते. त्या मुलीला त्यांनी सगळ्या शाळेसमोर शाबासकी दिली. दाराला मात्र त्यांनी अजून तेल घालू दिलेलं नाही.

*

आता हरलीनच्या कामाबद्दल सांगायला हवं, आणि त्यासाठी आधी माझ्या लाडक्या गृहीतकाबद्दल. इथल्या रस्त्यांवर पिलखनची, म्हणजे वडा-पिंपळाच्या कुळातली, मोठमोठी झाडं आहेत. थंडी सरता सरता ती पानं गाळतात. पण विजेच्या खांबाजवळच्या फांद्या बरेच दिवस हिरव्या राहतात. माझं म्हणणं, रात्रभर दिव्याचा उजेड मिळतो म्हणून. हे मी गावोगाव व्याख्यानांत सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. प्रत्येकाला आपला तो बाब्या असतो, हा माझा बाब्या. हरलीनला मी त्याचीच परीक्षा घ्यायचं काम दिलं.

पहिल्या वर्षाअखेर ती पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीसमोर उभी राहिली. समितीचे प्रमुख भुल्लर सर, शिस्तीचे सरदारजी. हरलीननं शुक्रवारच्या सवयीनं सुरुवातच अशी केली की आमचं गृहीतक कुठं कुठं चुकू शकतं ते मी आधी सांगते. आणि सांगितलं की! एकामागून एक, मन लावून, सगळा वेळ संपेपर्यंत. दिव्यांवर झाकणं घालून काय तपासणार, हे सांगायची वेळच आली नाही. भुल्लर सर म्हणाले, "पुत्तर, तू तो अपना ही केस हारके आई है."

शेरा पडला की विद्यार्थिनीत आत्मविश्वास कमी आहे. वर्षभराची मुदत मिळाली, आणि पुढच्या वेळीही असंच झालं तर नोंदणी रद्द. माझा संताप संताप झाला. ज्या गोष्टीचा मला अभिमान, त्याच गोष्टीसाठी माझी मुलगी नापास! हरलीन मात्र बसथांब्यावर मलाच समजावत होती की सरांचंही बरोबर आहे, वेळ सांभाळायला हवी होती.

*

रीतसर परवानगी काढून तिनं काही दिव्यांना झाडाच्या बाजूनं झाकणं बसवली. सेक्टरमधल्या लोकांना वाटलं, चोरांची सोय चाललीय. एक रिटायर्ड ब्रिगेडियर काठी घेऊन जाब विचारायला आले. हरलीननं त्यांना सगळं समजावलं, आणि तुम्हाला काय वाटतं असंही विचारलं. संशोधनातलं आपलं मत कुणी पहिल्यांदाच विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते त्याच काठीसकट झाडाखाली पहाऱ्याला उभे राहिले. झाडूवाल्यांनी पानं मोजून व्हायच्या आधी उचलायची नाहीत, असा त्यांचा हुकूम होता. हरलीन दिसली की लांबूनच विचारायचे, "डेटा पक्का है ना, बेटा?"

*

दुसऱ्या वेळची समिती. पानगळीचे शेवटचे दिवस मी भाचीच्या लग्नासाठी सांगलीला होते, आणि विमानतळावरून तडक सभागृहात आले. शेवटची निरीक्षणं मी पाहिलेली नव्हती. हरलीन फिकट निळ्या सूटमध्ये, पाठ ताठ.

या वेळी तिनं वेळ नेमकी सांभाळली. गृहीतक एका वाक्यात. ते कशानं चूक ठरेल तेही एका वाक्यात. मग काय दिसलं ते. झाकलेल्या दिव्यांजवळच्या फांद्याही हिरव्याच राहिल्या. बंद पडलेल्या दिव्यांजवळच्याही. मग ती म्हणाली की वीजवाले दरवर्षी खांबाजवळच्या फांद्या छाटतात, आणि तिथं उशिरा आलेली कोवळी पालवी उशिरा गळते. तेवढ्यावर थांबली नाही. काही घरांसमोर लोकांनी ऊन यावं म्हणून फांद्या छाटून घेतल्या होत्या, तिथं दिवा नव्हता, तरी पानं टिकली होती. आणि जिथं छाटणी राहून गेली, तिथं लख्ख उजेडातही पानं वेळेवर गळाली होती. उजेडाचा काही संबंधच नव्हता.

माझा बाब्या माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि खरं सांगते, मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या दिवशीही झाला नव्हता.

भुल्लर सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग तिला विचारलं, "ये हायपोथेसिस थी किसकी?"

"मैडम की, सर."

"और गलत किसने साबित की?"

हरलीननं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मैडम की स्टूडेंट ने, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढं काही न विचारता तिच्या मंजुरीच्या कागदावर सही केली.